गर्दीची नाडी ओळखताना...

रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटे झालेली. शहराबाहेरच्या एका लॉनवर लग्नाआधीच्या संगीताचा कार्यक्रम ऐन रंगात आला आहे. नवरीच्या मैत्रिणींना आणखी दोन पंजाबी गाणी हवी आहेत, नवरदेवाच्या मामांना किशोरकुमार हवा आहे, आणि लॉनचा व्यवस्थापक मंचाच्या कडेला उभा राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतो आहे. बरोबर दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद व्हायला हवा. टेबलामागे, हेडफोनची एक बाजू कानावर आणि दुसरी कानामागे सरकवून उभ्या असलेल्या माणसापाशी आता वीस मिनिटे, म्हणजे फार तर दहा गाणी उरली आहेत. ती कोणती, हे तो आत्ता, उभ्या उभ्या ठरवतो आहे असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्यातली निम्मी त्याने चार-पाच दिवसांपूर्वीच हेरून ठेवलेली असतात. उरलेली निम्मी मात्र खरोखरच समोरचे चेहरे पाहून ठरतात.

डीजे, म्हणजे डिस्क जॉकी, हा शब्द महाराष्ट्रात आता खेडोपाडी पोहोचला आहे. पण पोहोचताना त्याचा अर्थ बदलला. मराठी बोलण्यात 'डीजे लावला', 'डीजे वाजला', 'डीजेवर बंदी आली' असे म्हटले जाते, तेव्हा त्या शब्दाने माणसाचा नव्हे तर ट्रकवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीचा बोध होतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे त्याच भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. बिचाऱ्या डॉल्बी नावाच्या अभियंत्याने आयुष्यभर ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्यासाठी खटपट केली, आणि त्याचे नाव आपल्याकडे गोंगाटाला चिकटले! या भाषिक अपघातात गाणी निवडणारा, ती एकमेकांना जोडणारा माणूस मात्र झाकला गेला. त्याच्या कामात आवाजाची पातळी हा एक भाग असतो. मोठा भाग असतो तो अंदाजाचा आणि गृहपाठाचा.

पहिली बैठक

या गृहपाठाची सुरुवात यजमानांच्या दिवाणखान्यात होते. अनुभवी डीजे पहिल्या भेटीत 'कोणती गाणी हवीत' हा प्रश्न सहसा आधी विचारत नाही. पाहुणे किती, त्यांत पन्नाशीच्या पुढचे किती, दोन्हीकडची मंडळी कुठली, जेवण कार्यक्रमाच्या आधी की नंतर, नाचाची जागा मंचासमोर की बाजूला, असे त्याचे प्रश्न असतात. वऱ्हाडी आणि कोकणी घरांतली सोयरीक असेल तर एका बाजूला ओळखीची वाटणारी गाणी दुसऱ्या बाजूला परकी वाटू शकतात. वधू-वरांपैकी एक जण मराठी आणि दुसरा पंजाबी किंवा तमिळ असेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. एका घरची गाणी सलग वीस मिनिटे वाजली की दुसऱ्या घरची मंडळी ताटे घेऊन बसतात, आणि ताट हातात आलेला पाहुणा पुन्हा नाचायला उठत नाही, असे या व्यवसायातले लोक सांगतात.

'काय वाजवू नका' ही यादी अनेकदा 'काय वाजवा' या यादीपेक्षा उपयोगाची ठरते. नुकतेच कोणी निवर्तलेले असेल आणि त्यांचे आवडते गाणे ठाऊक असेल, तर ते अनवधानाने वाजता कामा नये. द्व्यर्थी शब्दांची गाणी आजी-आजोबांसमोर नकोत, असे काही घरांत स्पष्ट सांगितले जाते. काही घरांत आजीच ते गाणे मागते. हे आधी समजलेले बरे.

मग येतात ते 'बसवलेले' नाच. मावश्या, काकू, भावंडे, ऑफिसातले मित्र यांनी महिनाभर तालमी करून बसवलेल्या नाचांची तुकडे जोडलेली गाणी डीजेकडे मोबाइलवरून येतात, आणि बहुधा अखेरच्या दिवशी येतात. 'फायनल', 'फायनल २', 'नवीन फायनल' अशा नावांच्या तीन ध्वनिफितींपैकी खरी कोणती, हे विचारून घेणे हे कंटाळवाणे पण अत्यावश्यक काम. शहाणा डीजे प्रत्येक फीत आरंभापासून शेवटपर्यंत ऐकतो, तिला क्रमांक आणि नाचणाऱ्यांचे नाव देतो, आणि नर्तक मंचावर येऊन उभे राहिल्यावर गाणे सुरू करायचे की गाणे सुरू झाल्यावर ते येणार, हेही टिपून ठेवतो. सहा वर्षांची भाची मंचाच्या मधोमध उभी आहे आणि भलतेच गाणे सुरू झाले, तर त्या रात्रीची बाकीची नव्वद गाणी कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

मराठी लग्नात आणखी एक जबाबदारी असते, ती मुहूर्ताची. शेवटची मंगलाष्टका संपून अक्षता पडल्या की त्याच क्षणी सनई-चौघडा सुरू व्हावा लागतो. पाच-दहा सेकंदांचीही शांतता त्या वेळी फार लांब वाटते. त्यासाठी सनईची फीत वेगळ्या वाहिनीवर लावून, बोट कळीवर ठेवून उभे राहायचे, आणि चुकूनही आदल्या रात्रीचे हळदीचे गाणे त्या कळीवर राहिलेले नाही ना, हे दोनदा तपासायचे.

ठोके, सूर आणि समेची अडचण

सात ते दहा अशा तीन तासांच्या कार्यक्रमात प्रत्येक गाणे सरासरी दोन मिनिटे वाजवले तर नव्वद गाणी लागतात. बसवलेल्या नाचांचा वेळ वजा केला तरी साठ-सत्तर उरतात. त्यासाठी डीजे दोनशे-अडीचशे गाणी तयार ठेवतो, कारण गर्दी कोणत्या दिशेने जाईल हे आधी सांगता येत नाही. तयार ठेवणे म्हणजे नुसते पेनड्राइव्हवर उतरवून घेणे नव्हे. संगणकावरील प्रणालीत प्रत्येक गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके या मापात नोंदवला जातो. गाणे कुठून उचलायचे, मुखडा कुठे येतो, कुठे सोडायचे, याच्या खुणा केल्या जातात. हिंदी चित्रपटगीतांची सुरुवात अनेकदा लांबलचक वाद्यसंगीताने किंवा आलापाने होते; नाचणाऱ्यांना तेवढा धीर नसतो. म्हणून मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा एवढेच वाजवून पुढच्या गाण्यावर जाण्याची रीत पडली आहे.

दोन गाणी एकमेकांत बेमालूम मिसळायची तर त्यांचे ठोके एकावर एक पडले पाहिजेत. १९७२ साली बाजारात आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या तबकडी-यंत्रावर, त्याच्या पुढच्या आवृत्तीपासून, वेग आठ टक्के कमी-जास्त करणारी सरकपट्टी मिळू लागली. मिनिटाला शंभर ठोक्यांचे गाणे तिच्या साहाय्याने ९२ ते १०८ या पट्ट्यात फिरवता येई; त्यापलीकडच्या वेगाचे गाणे जोडायचे तर दुसरी युक्ती शोधावी लागे. त्यात एक मेख होती. वेग साधारण सहा टक्के वाढवला की सूरही एका पायरीने, म्हणजे अर्ध्या स्वराने चढतो. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी एकमधले गाणे काळी एकमध्ये जाते. आजच्या यंत्रांत सूर न बदलता वेग बदलण्याची सोय आहे, तरी फार ताणले की गायकाचा आवाज रबरी वाटू लागतो.

सुरांचा हिशोब ऐकणाऱ्याला कळत नाही, पण जाणवतो. दोन वेगवेगळ्या 'सा'मधली गाणी दहा सेकंद एकत्र वाजली तरी काहीतरी बिनसल्याची भावना सर्वांना होते. त्यामुळे पेटीवाला जसा गायकाला 'काळी चार की पांढरी पाच' असे विचारतो, तसेच डीजेची प्रणाली प्रत्येक गाण्याची पट्टी शोधून त्यावर आकडा डकवते. एक ते बारा आकड्यांच्या चक्रात शेजारच्या आकड्याची गाणी एकमेकांशी जुळतात, असा हा ढोबळ नियम आहे. तो पाळणारे पुष्कळ आहेत आणि तो न पाळता केवळ कानावर विसंबून उत्तम काम करणारेही आहेत.

त्याहून महत्त्वाचे गणित वाक्याचे. पाश्चात्त्य पद्धतीच्या नृत्यसंगीतात बहुधा दर बत्तीस ठोक्यांनी काहीतरी बदलते. ढोल येतो, गायक थांबतो, नवे वाद्य सुरू होते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात ही बत्तीस ठोक्यांची आवर्तने सोळा-सोळा सेकंदांची असतात. एका गाण्याचे आवर्तन संपताना दुसऱ्याचे सुरू झाले, तर गाणे बदलले हे पायांना कळतच नाही. आपल्याकडच्या श्रोत्याला हे नवे वाटू नये. तबलजी तिहाई घेऊन समेवर येतो तेव्हा मान आपोआप हलते, त्याच जातीचे हे सुख आहे.

मराठी मांडवात मात्र परदेशी पुस्तकांतले हे सारे गणित एका जागी अडखळते, आणि ती जागा म्हणजे सहा मात्रांचा ठेका. क्लबमध्ये वाजणारे संगीत चार-चार ठोक्यांचे, आपल्या केरव्याच्या कुळातले. कोळीगीते मात्र बहुतांशी सहा मात्रांच्या झोक्यावर चालतात. गरब्याचा हींच तालही सहा मात्रांचा. ठाणे, नवी मुंबई, रायगड पट्ट्यातील आगरी-कोळी घरांतल्या हळदीत ही गाणी नसतील तर हळद झाली असे कोणी म्हणणार नाही. चार ठोक्यांच्या पंजाबी गाण्यावरून सहा मात्रांच्या कोळीगीतावर यायचे कसे? मुख्य ठोके एकमेकांवर बसवता येतात, पण आतल्या मात्रा एकमेकींत अडकतात. एकीकडे दोनाची विभागणी, दुसरीकडे तिनाची. दहा सेकंदही ती जोडी एकत्र वाजली की ताशा घसरल्यासारखा वाटतो आणि नाचणारे थबकतात.

यावरचे उपाय देशी आहेत. काही डीजे पहिले गाणे समेवर तोडतात, त्याचा प्रतिध्वनी विरू देतात, आणि माइकवरून एक आरोळी देऊन शांततेतूनच कोळीगीताचा पहिला ठोका टाकतात. आरोळीच्या त्या दोन सेकंदांत नाचणाऱ्यांची पावले नव्या झोक्यासाठी मोकळी होतात. काही जण मध्ये केवळ ढोल-ताशाचा किंवा संबळाचा तुकडा वाजवतात आणि त्याच्या आडून ठेका बदलतात. काही जण दोन्ही ठेक्यांचा पूल असलेली खास आवृत्ती स्वतः घरी तयार करतात. तिला या व्यवसायात 'एडिट' म्हणतात, आणि कोणाकडे कसले एडिट आहे हे सहसा दुसऱ्याला सांगितले जात नाही. डीजेचे आगमन होण्यापूर्वी मुंबईच्या गल्ल्यांत बेंजो पार्ट्यांचे राज्य होते. त्यांचे वादक हा ठेकाबदल हातांनी, नजरेच्या इशाऱ्यावर करीत. आजच्या डीजेला तेच काम एकट्याने करावे लागते.

जुन्या गाण्यांची अडचण वेगळी. सत्तरच्या दशकातील चित्रपटगीते स्टुडिओत जमलेल्या शेकडो हातांनी वाजवली. ती माणसांच्या लयीत चालतात, यंत्राच्या नव्हे. मुखड्याला असलेला वेग अंतऱ्यापर्यंत किंचित वाढलेला असतो. यंत्राने आखलेली ठोक्यांची जाळी त्यांच्यावर बसत नाही. मग एक तर दर काही मात्रांनी हाताने खुणा करत बसायचे, किंवा ती गाणी जोडण्याचा हट्ट सोडून सरळ मुखड्यापासून सुरू करायची. दुसरा मार्ग बहुतेकांना पसंत पडतो, कारण ओळखीच्या गाण्याचे पहिले चार स्वर ऐकून मांडवात जो हशा आणि गलका उठतो, तो सफाईदार जोडणीत हरवून जातो. लावणीचेही तसेच, ढोलकीचा तोडा आणि संथ आलाप हे तिचे प्रवेशद्वार आहे, ते कापले की लावणी उरत नाही.

मांडवाचा रागरंग

आखलेला क्रम आणि समोरची गर्दी यांचे जुळले नाही तर कोणी माघार घ्यायची? या प्रश्नाचे उत्तर डीजेच्या कलेच्या जन्मातच आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका इमारतीत कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. नाचणारे गाण्याच्या शब्दांसाठी थांबत नाहीत, मधल्या ढोलाच्या तुकड्याची वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तो तुकडा लांबवण्याची त्याची युक्ती पुढे हिप-हॉपचा पाया ठरली. तंत्र नंतर आले, आधी आली ती नजर.

ही नजर कोठे रोखायची, यावर जाणत्यांचे जवळपास एकमत आढळते. मध्यभागी बेभान नाचणाऱ्या दहा जणांकडे पाहून काही कळत नाही. ते कशावरही नाचतील. पाहायचे ते कडेला. खुर्चीवर बसून पायाने ठेका धरणारी बाई, हातातला ग्लास खाली ठेवणारा काका, फोन खिशात घालणारा तरुण ही येऊ घातलेल्या गर्दीची चिन्हे. उलट, नाचणाऱ्यांपैकी दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून बाहेर पडू लागले की तीस-चाळीस सेकंदांच्या आत काहीतरी बदलावे लागते. एकदा जागा रिकामी झाली की ती भरायला तीन-चार गाणी खर्ची पडतात.

गाण्यांचा चढउतार हा दुसरा भाग. नवख्या डीजेची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या अर्ध्या तासातच हुकमी गाणी उधळणे. २०१६ साली 'सैराट' प्रदर्शित झाल्यापासून 'झिंगाट' हे असे हुकमी गाणे होऊन बसले आहे. ते साडेसातला, पाहुणे अजून दारातून आत येत असताना वाजवले, तर साडेनऊला हाती काय उरणार? तमाशात गण आणि गवळण झाल्याखेरीज वगाला हात घालत नाहीत. रागसंगीतात विलंबित बांधल्यावरच द्रुत येते. मांडवातही पहिली वीस-पंचवीस मिनिटे गप्पांच्या आवाजाखाली राहणारे, ओळखीचे पण नाचायला न लावणारे संगीत असावे लागते. तीन-चार जोरकस गाण्यांनंतर एक सैल गाणे येते ते दम घेण्यासाठी. त्या वेळी काही जण बसतात, पण जे बसलेले होते त्यांतले काही उठतात. वयस्कर मंडळींसाठी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाणी बहुधा याच विसाव्यात येतात.

वेळेनुसार संगीत बदलण्याचे सर्वांत टोकाचे उदाहरण शेजारच्या गोव्यात घडले. नव्वदच्या दशकात हणजुणे परिसरातील रात्रभराच्या पार्ट्यांत काळोखात गडद, कठोर संगीत आणि पहाट होताना मोकळे, उजळ संगीत असा क्रम रूढ झाला होता. प्रहराप्रमाणे राग गाणाऱ्या देशात तो रुजावा हा योगायोगही असेल. तिथल्या उन्हाने आणि दमट हवेने तबकड्या वाकत, म्हणून गोवा गिलसारखे तिथले डीजे डॅट नावाच्या छोट्या डिजिटल कॅसेटी वापरीत. त्या यंत्रांवर वेग जुळवण्याची सोय नसल्याने दोन गाणी बेमालूम मिसळणे कठीणच होते. जोडणीची सफाई नसतानाही माणसे सूर्योदयापर्यंत नाचत राहिली, ती क्रमाच्या जोरावर.

आणि फर्माईश? 'दादा, तेवढं एक गाणं लावा ना' असे म्हणत टेबलाशी येणाऱ्याला नाही म्हणायचे नसते आणि लगेच होही म्हणायचे नसते. 'लावतो, चार गाण्यांनी' हे उत्तर. त्या चार गाण्यांत मागणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे जाते, किंवा त्या गाण्याची योग्य जागा खरोखरच येते. यजमानांपैकी एकाच व्यक्तीच्या फर्माईशी मानायच्या, हे बहुतेक जण पहिल्याच बैठकीत ठरवून घेतात. प्यायलेल्या मित्रमंडळींचा आग्रह नाकारताना त्या व्यक्तीचे नाव पुढे करता येते.

रिकामा हॉल, भरलेला हॉल

ध्वनियोजनेकडे यजमानांचे लक्ष कमी असते. खर्च कमी करायचा तर पहिली कात्री तिथेच लागते. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये केलेली आवाजाची चाचणी रात्री फसवी ठरते. भिंती आणि फरशीवरून परतणारे वरच्या पट्टीतले ध्वनी, चारशे माणसे जमल्यावर त्यांचे कपडे आणि शरीरे शोषून घेतात. म्हणून दुपारी कर्कश वाटलेला आवाज रात्री बसका वाटू लागतो, आणि अननुभवी माणूस तो वाढवत नेतो. खालच्या पट्टीतला दणका मात्र माणसांनीही अडत नाही आणि भिंतींनीही. शेजारच्या इमारतीत तोच ऐकू जातो. व्हिडिओवरून उतरवून घेतलेली हलक्या प्रतीची गाणी मोबाइलवर चालून जातात, पण मोठ्या कर्ण्यांवर त्यांतला पोकळपणा उघडा पडतो. इंटरनेटवरून थेट गाणी वाजवण्याची सोय आज आहे, तरी शहराबाहेरच्या लॉनवर नेटवर्कच्या भरवशावर कोणी जाणता डीजे उभा राहत नाही. दोन पेनड्राइव्ह, दुसरा लॅपटॉप, बिनतारी माइकसाठी नव्या बॅटऱ्या, आणि जनरेटरवर वीज बदलताना यंत्रे बंद पडू नयेत यासाठी यूपीएस, ही त्याची शिदोरी.

परवान्यांच्या बाबतीत गोंधळ आहे. हॉटेल किंवा क्लबमधील कार्यक्रमात ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड आणि गीत-संगीताच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी शुल्क मागतात. लग्नविधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना मात्र स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ (१) (झेडए) या कलमाने सूट दिलेली आहे. केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून तसे स्पष्टही केले. गोवा सरकारने त्याच धर्तीवर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. कायद्यातली सूट त्याने संपली नाही, पण कोणता समारंभ 'लग्नाशी निगडित' याबद्दलचे वाद संपले असेही नाही.

दहाची रेघ

आवाजाचे नियम त्या मानाने स्पष्ट आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई आहे. अपवाद बंदिस्त सभागृहांचा आणि वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवसांचा, ज्या दिवशी सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. गणेशोत्सव आणि नवरात्रातले काही दिवस त्यातच मोडतात. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या मनाईवर शिक्कामोर्तब केले. २०१८ च्या गणेशोत्सवात विसर्जन मिरवणुकीत डीजे आणि डॉल्बी वाजवू देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला.

डेसिबलचा आकडा लहान दिसतो म्हणून फसवतो. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ५५ च्या मर्यादेच्या ठिकाणी १०५ डेसिबल पोहोचले, तर ती वाढ दुप्पट नव्हे, एक लाख पट असते. कानांचे गणितही तितकेच निर्दय आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काढता येतात. पुढे दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होतो, आणि शंभर डेसिबलला तो जेमतेम पंधरा मिनिटांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी सरासरी शंभर डेसिबलची कमाल पातळी सुचवली. मिरवणुकीत ट्रकवर उभे राहून सहा-सहा तास काढणाऱ्या तरुण डीजेच्या कानांचे पुढे काय होते, याची चर्चा बंदीच्या वादात क्वचितच होते. रात्रभर कानात शिट्टी वाजत राहणे ही त्याची पहिली खूण. कानात घालायची साधी बोंडे औषधाच्या दुकानात मिळतात, पण ती घालणे हे नवखेपणाचे लक्षण मानण्याची एक विचित्र समजूत या व्यवसायात होती. ती आता हळूहळू ओसरते आहे.

या बंधनांनी डीजेचे काम बदलले, आणि सगळे वाईट झाले असे म्हणता येणार नाही. पूर्वी कार्यक्रम रेंगाळत मध्यरात्रीपर्यंत जाई. आता दहाच्या रेघेमुळे क्रम आखावा लागतो. गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर बिनतारी हेडफोन लावून नाचण्याच्या पार्ट्या रुजल्या त्याही याच कारणाने. लांबून पाहणाऱ्याला तिथे शेकडो माणसे नि:शब्द अंधारात उड्या मारताना दिसतात. तिथे एकाच वेळी दोन-तीन डीजे वेगवेगळ्या वाहिन्यांवर वाजवतात आणि हेडफोनवरील दिव्याचा रंग पाहून कोणाकडे किती श्रोते आहेत हे त्यांना तत्काळ समजते. गर्दीची नाडी इतक्या उघडपणे डीजेला इतर कुठेच पाहायला मिळत नाही.

लॉनवरच्या त्या डीजेकडे असे दिवे नाहीत. नऊ पन्नासला तो पंजाबी गाण्यांपैकी एक वाजवतो, दुसरे गाळतो. नऊ चौपन्नला कोळीगीत, त्यासाठी माइकवरून आरोळी. मग आवाज थोडा उतरवून मामांचा किशोरकुमार. शब्द सर्वांना पाठ असलेले गाणे तो जाणूनबुजून शेवटी ठेवतो, कारण दहाला कळ बंद झाली तरी उरलेल्या ओळी माणसे स्वतःच गातात आणि व्यवस्थापकाला हरकत घेता येत नाही. मैफल भैरवीने संपते तसे हे. मांडव रिकामा होऊ लागतो, तेव्हा तो वायरी गुंडाळण्याआधी फोनमध्ये दोन-तीन ओळी टिपून घेतो: आठ वाजून दहा मिनिटांनी कोणत्या गाण्याला जागा ओस पडली, आणि आजीने कोणत्या गाण्याला टाळ्या वाजवल्या. पुढच्या शनिवारी याच घराण्यातल्या चुलतभावाची हळद आहे.